एका डोक्याचे दोन रिपोर्ट

इंद्रजीत मेश्रामची अकरा वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये गेली. बीरगांवच्या कारखान्यात, जमिनीपासून चांगलं साठ फूट वर. खाली त्याचा जोडीदार लहानू हूक अडकवायचा, हात वर करायचा. मग इंद्रजीत लोखंड उचलायचा.

फेब्रुवारीत घरी जेवता जेवता त्याची मान एका बाजूला वळली, हातातला गिलास सुटला आणि अंग झटके खात राहिलं. शुद्ध आली तेव्हा जीभ चावली गेली होती आणि बायको शर्मिष्ठा त्याला कुशीवर धरून बसली होती. कंपनीने दुसऱ्याच दिवशी त्याला खाली उतरवून टूलरूममध्ये स्टुलावर बसवलं. मेंदूची ईईजी तपासणी साफ आली तरच केबिन परत मिळेल, असं सांगितलं.

पहिल्या दवाखान्यात जाताना आई सुशीलाबाईंनी त्याच्या टाळूवर वाटीभर खोबरेल जिरवलं. तपासणीच्या वेळी डोकं थंड असलेलं बरं, हा त्यांचा हिशेब. त्या तेलावर तारा कशाबशा चिकटल्या. वीस मिनिटांत काम झालं. रिपोर्ट नॉर्मल.

दुसऱ्या दवाखान्याने आधी डोकं शाम्पूने धुऊन यायला सांगितलं. खोल श्वास घ्यायला लावले, मिटल्या डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला, डुलकी लागेपर्यंत वाट पाहिली. रिपोर्ट अॅबनॉर्मल.

सेफ्टी ऑफिसरने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "भैया, दिमाग एक है कि दो?" तिसरा रिपोर्ट सोमवारपर्यंत आणायचा होता, नाहीतर केबिन दुसऱ्याला.

घरी आई पहिला कागद खरा धरून बसली. शर्मिष्ठा दुसऱ्या दवाखान्याने दिलेल्या गोळ्यांची पट्टी पुढे करायची. इंद्रजीत दोघींच्या मधोमध, भिंतीला पाठ लावून.

तिसरी तपासणी शंकर नगरातल्या दवाखान्यात ठरली. आदल्या रात्री चार तासच झोपायचं, अशी सूचना होती. लहानूने चहाच्या टपरीवर वेगळाच सल्ला दिला.

"तानून झोप ना बे. थकलेला दिमागच गडबड दाखवते. मले नव्या ऑपरेटरच्या खाली उभं राहाचं भेव वाटून राहिलं."

इंद्रजीत ताणून झोपला.

तंत्रज्ञ मीनल भंडाऱ्याची निघाली. ती टेपने डोकं मोजून पेन्सिलने खुणा करत होती. हिंदी मुलखात मराठी ऐकून त्याला धीर आला.

"एकच टेस्ट, मंग दोन जवाब काहून, ताई?"

"नाव एक आहे, काम सगळीकडे सारखं होत नाही," मीनल म्हणाली. कुठे वीस मिनिटं घेतात, कुठे तास. कुणी झोपेत बघतं, कुणी जागेपणीच. वर, वाचणारे डॉक्टरही एकच लाट दोन तऱ्हेने वाचतात. "रात्री किती झोपलात?"

"चार घंटे."

तिने लिहून घेतलं. डोळे मिटा, हलू नका, म्हणाली. एकवीस तारांखाली तो निमूट पडला. मिटल्या डोळ्यांपुढे लहानू हात वर करून उभा राहिला. वर केबिनमध्ये झटका आला, तर लहानूला खालून काय दिसणार? त्याच्या डोक्यावर लोखंड लटकत असणार, एवढंच.

"ताई, बंद करा. खोटं बोललो. रातभर झोपलो मी."

मीनलने मशीन थांबवलं. बुधवारची तारीख देते, म्हणाली.

"मले रिपोर्ट सोमवारपर्यंत पायजे."

"दादा, आज नॉर्मल आली असती ना, तरी मिरगी नाही असं त्याच्यावरून ठरत नाही. तुम्हाला झटका आला, घरच्यांनी डोळ्यांनी पाहिला. डॉक्टर आधी तेच विचारतील."

म्हणजे ज्या कागदासाठी तो धावत होता, तो त्याला सोडवणाराच नव्हता. केसांतला चिकट लेप तसाच घेऊन तो बाहेर आला. बाकावर शर्मिष्ठा बसली होती.

"झाली?"

"बुधवारी परत."

"अन् सोमवार?"

त्याने सेफ्टी ऑफिसरला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न रिपोर्टचाच आला.

"रिपोर्ट नहीं है, साहब," इंद्रजीत म्हणाला. "मिरगी का दौरा आया था, इतना लिख लीजिए. केबिन में किसी और को बैठा दीजिए."