मास्तरांच्या रक्ताने केलेली चुगली

आमच्या खालच्या मजल्यावरचे टेलर मास्तर मापाला पक्के. माझ्या पोटाचा घेर टेप न लावता सांगतात, तोही भर जिन्यात, चारचौघांत. यंदा मात्र त्यांचंच माप निघालं.

आतड्याचा कॅन्सर कापून काढल्यापासून त्यांचं रक्त दर तीन महिन्यांनी तपासतात. त्यात सीईए म्हणून एक आकडा असतो. तो चढला की आजार परतल्याची शंका घ्यायची. आकडा खाली असला की मास्तर परीक्षेत पहिले आल्यासारखे जिन्यात उभे राहत. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्याहून मोठ्याने सांगत, "ऑपरेशनच्या दिवशी सिगारेट सोडली, ती सोडलीच!"

या खेपेला आकडा चढला. थोडासाच, पण वहिनींचं जेवणच सुटलं. "भाऊजी, सोबत चला," म्हणाल्या, म्हणून मीही दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "सिगारेट?"

"छे हो!" वहिनी म्हणाल्या. "वाससुद्धा सहन होत नाही यांना."

मास्तर पँटची शिवण चाचपत बसले.

"मग स्कॅन करू. आजार परतला असेल तर पुन्हा उपचार."

वहिनींचा हुंदका फुटला. मास्तरांचे कान लालभडक झाले.

"ओढतो मी," ते म्हणाले.

"काय ओढता?" वहिनींनी विचारलं.

"सिगारेट. दुकानात. इस्त्रीच्या वाफेत धूर दिसत नाही."

मला एक झकास कोटी सुचली होती. गिळली.

बाई म्हणाल्या, "सिगारेटनेही हा आकडा थोडा वाढतो. पण आज तेवढ्यावर भरवसा ठेवणार नाही. स्कॅन होणारच. सिगारेट बंद करा, मग पुन्हा रक्त बघू."

परतताना वहिनी एवढंच बोलल्या, "शर्टाला वास यायचा. मी म्हणायचे, गिऱ्हाइकांचा असेल."

मास्तर सबंध रस्ता चपलांकडे बघत चालले.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. पुढच्या तपासणीत आकडाही उतरला. त्या संध्याकाळी जिना सुनाच होता. मास्तर रिपोर्ट घेऊन माझ्या दारात आले.

"आकडा उतरलाय. तुम्ही सांगता का हिला?"

"का? तुमचं तोंड कुणी शिवलं?"

ते हसले नाहीत. "मी सांगितलं तर मान हलवते नुसती. तुम्ही वाचून दाखवा."