हां बोला, खलास

“हां बोला, खलास.”

काळी लोकरीची टोपी दोन्ही हातांनी कानांवर ओढायची, समोरच्याकडे एकदा नीट बघायचं, हे तीन शब्द बोलायचे आणि चालू लागायचं. चाचांच्या बोलण्याचा शेवट असाच व्हायचा. पहिले दोन शब्द हिंदी, तिसरा अरबी, अर्थ ‘हो म्हटलं, संपलं’, आणि बोलणारा अमेरिकेतल्या एका खेड्यातला सहा फुटी, निळ्या डोळ्यांचा म्हातारा. रियाधच्या दक्षिणेला, अल खर्जच्याही पुढे वाळवंटात आमचा दूधफार्म आहे. तिथे चाचा गायींची खुरं तासायचे. गायींच्या एका खेपेबरोबर दोन महिन्यांसाठी म्हणून आले होते आणि चौदा हिवाळे राहिले.

सौदीत थंडी पडते असं सांगितलं की गावाकडचे लोक हसतात. एकदा जानेवारीत येऊन बघा. उत्तरेचं वारं सुटलं की पहाटे नळाचं पाणी बोटांना चावतं. रियाधची कुटुंबं हौसेने तंबू ठोकायला येतात, शेकोटीभोवती गाणी म्हणतात. आमच्या खोल्यांचे पत्रे मात्र रात्रभर कुडकुडतात. गायींना हे हवामान मानवतं. त्या भरपूर दूध देतात आणि याच दिवसांत वितात. ओल्या अंगाच्या वासराला ही थंडी दोन तासांत संपवते.

चाचांची थंडी वेगळी होती. त्यांच्या गावी तलाव गोठला की करवतीने बर्फाच्या लाद्या कापायच्या आणि उन्हाळ्यासाठी लाकडाच्या भुशात पुरून ठेवायच्या. ते मेनोनाइट घरातले, शेजारी सगळे आमिश. दोन्ही ख्रिस्ती पंथच, साधं राहणारे, हातात शस्त्र न घेणारे. “आमच्याकडे मोटार होती, वीज होती,” चाचा सांगायचे. “आमिश लोकांकडे घोडागाडी आणि कंदील. फोन नाही. मग बर्फात शेजारी जिवंत आहे हे कळणार कसं? माझा बाप रोज पहाटे खिडकीतून त्यांचं धुराडं बघायचा. धूर दिसला की चहा. नाही दिसला की फावडं घेऊन बाहेर.”

ही सवय त्यांनी वाळवंटातही आणली. आमच्या कुंपणापलीकडे हिवाळ्यात अबू सालेम नावाचा म्हातारा बदू, वाळवंटातला भटका पशुपालक, उंट घेऊन उतरतो. पहाटे शेडवर येताना चाचा आधी त्याच्या तंबूकडे बघायचे. धूर दिसला की मान हलवून कामाला लागायचे.

अबू सालेमचं आणि त्यांचं फार जमायचं. “घरचेच शेजारी आहेत हे,” चाचा म्हणायचे. “दाढी, जनावरं, डोकं झाकलेल्या बायका, घरभर पोरं आणि देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. फक्त तिकडे घोडा होता, इकडे हायलक्स गाडी आहे.”

एकदा अबू सालेमच्या सांडणीच्या पायात काहीतरी रुतलं. चाचा म्हणाले, उद्या सकाळी येतो. अबू सालेम म्हणाला, “वल्ला म्हण.” देवाशपथ सांग, असा त्याचा अर्थ. इथे या शब्दाशिवाय कोणी चहाही मागवत नाही. चाचांनी टोपी ओढली. “हां बोला, खलास.” त्या रात्री धो धो पाऊस पडला, रस्ता वाहून गेला. सकाळी अबू सालेमला धुक्यातून एक काळी टोपी येताना दिसली. चाचा गुडघाभर चिखलातून चालत आले होते, हत्यारांची पिशवी डोक्यावर घेऊन.

शपथ घ्यायची नाही, हा त्यांच्या घरचा नियम. शेड सांभाळणारा इक्बाल म्हसळ्याचा. त्याच्या तोंडात उठता बसता “आईशप्पथ”. चाचांनी मला अर्थ विचारला. मी सांगितल्यावर ते इक्बालला गंभीरपणे म्हणाले, “वासराने दूध पिलं की नाही एवढंच विचारलं मी. त्यात तुझ्या आईने काय केलं?”

“चाचा, ती सवय आहे हो!” इक्बाल म्हणाला.

“मग तिला सुटी दे. दमली असेल.”

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी फार्मच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासतो, पण वाढलो पत्रकांवर. सांगलीत बाबा गिरणी कामगारांची पत्रकं वाटायचे, बुवाबाजीविरुद्धची वाटायचे. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्यामुळे उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपवणं मला अजून जड जातं. अन्याय दिसला की मी आधी कागद शोधतो. इथे पत्रकं वाटता येत नाहीत, अर्ज मात्र लिहिता येतात, आणि मी पुष्कळ लिहिले. चाचा ते वाचून परत द्यायचे. “लांब आहे,” एवढंच बोलायचे.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात एका पहाटे अकरा वासरं मेली. त्यांच्यावरचे ऊब देणारे दिवे रात्रभर बंद होते. सुपरवायझरने सांगून टाकलं, इक्बालने दिवे लावलेच नाहीत, झोपून राहिला. हा सुपरवायझर आपल्याच नाशिककडचा. आपला माणूस आपल्या माणसाला वाचवतो या समजुतीत कोणी असेल, तर त्याने ती आजच सोडावी.

आरोप लागला असता तर इक्बालचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होऊन त्याला कायमचं परत पाठवलं असतं, आणि कागदावर डाग लावून. त्याच्या मागे दोन मुली आणि नुकत्याच वारलेल्या भावाचं कुटुंब होतं. खरं तर आदल्या संध्याकाळी तो ऑफिसात जाऊन सांगून आला होता की दिव्यांची लाइन गेली आहे. सुपरवायझर “सकाळी बघू” म्हणाला होता. तेव्हा तिथे तिसरा माणूस एकच होता. खुरं तासायच्या सुऱ्यांची नवी पेटी घ्यायला आलेले चाचा.

चौकशीसाठी कंपनीचा अधिकारी रियाधहून येणार होता. चाचांचं इंग्रजी स्पेलिंग कच्चं, म्हणून जबाब मी लिहिला. तीन पानं झाली. ‘अमानुष’ होतं, ‘कटकारस्थान’ होतं, आणि सुरुवातीलाच होतं, ‘मी ईश्वराला स्मरून शपथेवर सांगतो’. मला वाटलं, देवभक्त माणूस आहे, खूश होईल.

चाचांनी खिशातून सुतारी पेन्सिल काढली. पहिली ओळ खोडली. मग ‘अमानुष’ खोडलं. “हे मी बघितलं नाही.” ‘कटकारस्थान’ खोडलं. “हे तुला वाटतं.” पेन्सिल पानांवरून नांगरासारखी चालत गेली. शेवटी तीन वाक्यं उरली. इक्बाल संध्याकाळी ऑफिसात आला आणि दिवे लागत नाहीत असं म्हणाला. सुपरवायझर म्हणाला, सकाळी बघू. मी तिथे होतो.

“एवढंच?” मी ओरडलो.

“एवढंच झालं.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अधिकारी बसला होता. तरुण, इस्त्रीचा पांढरा पायघोळ थोब, समोर कॉफी. त्याच्या छापील अर्जात शपथेची ओळ होतीच. सुपरवायझरने ती मोठ्याने वाचली आणि वर स्वतःची भर घातली. “वल्लाही, साहेब! आईशप्पथ! हा माझ्याकडे आलाच नाही!” दोन भाषांत, दोन देवळांतून कौल आणल्यासारखा.

चाचांची पाळी आली. त्यांनी शपथेची ओळ खोडली आणि खाली सही केली.

“हे चालणार नाही,” अधिकारी म्हणाला. “शपथ घ्या.”

“नाही घेणार.”

मी दाराशी उभा होतो. मला राहवलं नाही. “चाचा, एक शब्द आहे! माणसाचं आयुष्य पणाला लागलंय! तुमची तत्त्वं घेऊन इक्बालने घरी जायचं का?”

आवाज चढला होता माझा. शेजारी इक्बाल उभा होता, त्याचे हात चिकाने अजून ओले होते. चाचांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना काहीच वाटत नव्हतं असं समजू नका. टोपी हातात घेऊन ते तिची कड पिळत होते.

मग ते अधिकाऱ्याला हळू आवाजात म्हणाले, “मी आज शपथ घेतली, तर तेरा हिवाळे तुम्हा लोकांना जे सांगत आलो ते त्याहून कमी खरं होतं असं होईल. ते तसं नव्हतं. इक्बाल आला होता. हो.”

चाचांची फाइल अधिकाऱ्याच्या पुढ्यात होती; ती त्याने उघडली, दोनचार पानं उलटली, मिटली. मग सुपरवायझरचा अर्ज उचलला आणि त्यावरची शपथेची ओळ स्वतःच्या पेनने खोडली.

“आता तूही तसंच सांग,” तो म्हणाला. “वल्ला नको. आई नको. इक्बाल आला होता? हो की नाही?”

सुपरवायझरने तोंड उघडलं. मी तो क्षण विसरणार नाही. रोज टेकायची भिंत कोणीतरी काढून घ्यावी तसा तो जागच्या जागी हलला. “वल्ला...” तो म्हणाला आणि थांबला.

“हो की नाही?”

“साहेब... गडबडीत होतो. आला असेल.”

एवढंच. इक्बाल राहिला. दिव्यांची लाइन त्याच आठवड्यात बदलली. मला मात्र दोन दिवस चाचांपुढे जायचं धैर्य झालं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि म्हणालो, “मी तुमच्यावर ओरडलो. चुकलं.”

“हो,” चाचा म्हणाले. दुसरा कोणीही “छे छे, असू दे” म्हणाला असता. मग त्यांनी बाजूला सरकून मला बसायला जागा केली, आणि आम्ही खजूर खाल्ले.

मी अजूनही अर्ज लिहितो. खोल्यांना हीटर मिळाले ते माझ्याच अर्जामुळे, हे अभिमानाने सांगतो. लढायचं असतं, यावर माझं मत बदललेलं नाही. पण तो अर्ज पाच ओळींचा होता आणि त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी वयामुळे चाचांचा इकामा पुढे वाढला नाही. निघायच्या सकाळी धुकं होतं. अबू सालेमने आपला मेंढीच्या कातड्याचा जाड फरवा आणून त्यांच्या खांद्यावर टाकला. “तुमच्या बर्फासाठी,” म्हणाला. गाडी दाराशी आली. चाचांनी टोपी ओढली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “अच्छा, मैं जाता हूं.”

“जातो नाही म्हणायचं, चाचा!” इक्बाल पुढे झाला. “आमच्यात निघताना येतो म्हणतात. म्हणा, येतो.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी अर्थ सांगितला. “परत येईन असं म्हणायची पद्धत आहे. कोणी हिशेब ठेवत नाही. म्हणून टाका.”

ते थांबले. इतका वेळ थांबले की ड्रायव्हरने “यल्ला, यल्ला” केलं. इक्बाल डोळे मोठे करून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. चाचांनी त्याचं डोकं आपल्या छातीशी घेतलं, क्षणभर धरलं.

“जाता हूं,” ते म्हणाले, आणि गेले.

यंदाही थंडी पडली आहे. इक्बाल पहाटे शेडवर येताना कुंपणाशी थांबतो आणि अबू सालेमच्या तंबूवर धूर आहे का बघतो. मग तिथूनच एकदा रस्त्याकडे बघतो. वाट बघत नाही. चाचांनी सांगितलंय ते त्याला ठाऊक आहे. नुसता बघतो, आणि आत जाऊन दिवे लावतो.