एका माणसाची सभा

"सभा सुरू झाली, गप ऱ्हावा," असं तात्या दर रविवारी म्हणायचे. समोर गप राहायलाही कोणी नसायचं. घोंगडी अंथरलेली आणि वहीत लिहिलेलं: हजर, एक. असा माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल आणि हसला असाल. आम्हीही हसलो.

तात्या इस्लामपूरजवळच्या आमच्या महारवाड्यातले, शेजारच्या घरातले. गावच्या विहिरीला आम्ही शिवायचं नाही. आई काठापासून लांब घागर घेऊन बसायची. कुणा बाईला दया आली तर ती वरून पाणी ओतायची. पीठ असूनही पाण्यावाचून भाकरी झाली नाही, असे दिवस मी पाहिले आहेत.

तात्या दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. तिथं रस्ता बांधताना त्यांची एका काळ्या अमेरिकन ट्रकवाल्याशी ओळख झाली. गोऱ्या सोजिरांची पंगत वेगळी, त्याची वेगळी.

"त्येच्या मुलखात चहाचं हाटेल बी येगळं," तात्या सांगायचे. "म्या इचारलं, मग तुमी काय करता? म्हनला, मंडळी जमवतो, अर्ज करतो, कोरटात जातो. न्हाई जमली मंडळी तर एकटा बसतो, पर सभा मोडत न्हाई."

"कंच्या भाषेत बोलला वं तुमी?" आई विचारायची.

"निम्मं विंग्रजी, निम्मं हातवारं."

"आवं तात्या, हातवाऱ्यानं कोरट कसं दावलं?"

परत आल्यावर तात्यांनीही तशीच सभा सुरू केली, पण गावानं कामावरून काढलं तर खायचं काय, या भीतीनं वस्ती सभेला जात नव्हती. मी मॅट्रिकला होतो. मीही गेलो नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

तात्यांनी विहिरीसाठी एकट्यानं अर्जांवर अर्ज केले. शेवटी साताऱ्याहून, म्हणजे आमच्या तेव्हाच्या जिल्ह्याच्या गावाहून, साहेब आले. पाटील म्हणाले, "आमी कवा अडवलं? ह्येच येत न्हाईत."

"मग काढा कुणीतरी पाणी," साहेब म्हणाले.

तात्या पुढे झाले. नवा दोर, नवा पोहरा. पोहरा पाण्यावर पडला आणि तरंगत राहिला. वर ओढला, रिकामा. पुन्हा सोडला, पुन्हा रिकामा. ब्रह्मदेश पाहून आलेला माणूस, पण आमच्यातल्या कुणीच कधी विहिरीत दोर सोडला नव्हता. शिकवणार कोण?

"काय सुबेदार, पोहरा बी ऐकंना व्हय?" गावकरी हसले.

तेव्हा आई उठली. इतकी वर्षं लांब बसून तिनं बायकांचे हातच बघितले होते. "तात्या, हिसका द्या दोराला. कलता पाडा त्येला."

तात्यांना जमेना. तिनं दोर हातात घेतला आणि एक हिसका दिला. पोहरा बुडाला, भरून वर आला. तात्यांनी ओंजळ धरली. "वैनी, घाला."

साहेबांनी लिहून घेतलं आणि ते गेले. त्या हंगामात एकाही गुऱ्हाळावर वस्तीला काम मिळालं नाही. दोष तात्यांवर आला. "तुमच्या पान्यापायी प्वारं उपाशी हायती," असं त्यांच्या सख्ख्या भावानं तोंडावर सांगितलं. भावकीनं बोलणं सोडलं. ते सांगलीला गेले, हळदीच्या वखारीवर राखण करू लागले.

मी बी.ए. झालो, वस्तीतला पहिला. ते आणि गावची खबर सांगायला सांगलीला गेलो. वखारीचे दिवाणजी म्हणाले, "ते गेलं की मागच्या पावसाळ्यात. न्यायला कुनी आलं न्हाई. आमीच उरकलं."

सांगायचं ते मी दिवाणजींनाच सांगितलं, आणि आज तुम्हाला सांगतो. साहेबांच्या हुकमानं विहीर खुली झाली. आमच्या बायका आता पाणी स्वतः काढतात.