गिनीतल्या रांजणापाशी मी मारलेली थाप

सुरुवातीलाच सरोजाकाकूचं नाव घेतो. मी आज इंजिनियर आहे, चार देश पाहून आलो आहे, ऑफिसात लोक मला 'सर' म्हणतात — हे सगळं तिच्या शिलाई मशीनमुळे. आई-बाबा कूर्गात कॉफीच्या मळ्यात कामाला होते. तिथून शाळा लांब, म्हणून पाचव्या वर्षी मला म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटेला काकूकडे ठेवलं. काकूला मूलबाळ नव्हतं. ती स्वतः चौथी शिकलेली. रोज संध्याकाळी माझी वही उघडायची, पानं भरलेली आहेत एवढं बघायची आणि म्हणायची, "हं, आता जेव." आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही.

दुसरी गोष्ट — मी असल्या प्रकारांवर विश्वास ठेवणारा नाही. म्हैसूरच्या एका कंपनीत पाण्याचे पंप डिझाइन करतो. प्रेशर पडलं तर कुठेतरी गळती असते, ती शोधायची, एवढंच मला शिकवलेलं आहे. या प्रकारातली गळती मात्र मला अजून सापडलेली नाही...

(लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या. आमच्या घरची मराठी निम्मी कन्नड. मराठी लिहायला मी शिकलो ते पुण्यात दोन वर्षं नोकरी केली तेव्हा.)

आता काका. दत्तूकाका, म्हणजे काकूचे यजमान, कोटेत सायकली दुरुस्त करायचे. मी दुसरीत असताना एका सकाळी "हुणसूरहून टायर घेऊन येतो" म्हणून बसमध्ये चढले, ते आलेच नाहीत. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलीस झाले, ज्योतिषी झाले. काकूने मंगळसूत्र काढलं नाही, पण काकांचं नावही पुन्हा काढलं नाही. तेवीस वर्षं! पुण्याहून परतून म्हैसूरला नोकरी लागल्यावर मी तिथल्या जयलक्ष्मीपुरमला घर भाड्याने घेतलं आणि तिला म्हैसूरला आणलं.

मागच्या हिवाळ्यात कंपनीने पंप बसवायला मला सेनेगलला पाठवलं होतं. काम संपल्यावर रजा घेतली आणि डाकारहून निघणाऱ्या एका ट्रक-सफरीत नाव घातलं. सेनेगल, गिनी, आयव्हरी कोस्ट, घाना. मागे बाकं बसवलेला उंच ट्रक, चौदा प्रवासी, रोज नव्या जागी तंबू, पाळीपाळीने स्वयंपाक. माझ्या पाळीला मी बिसिबेळे भातासारखं काहीतरी करायचो आणि मंडळी डोळे पुसत पुसत भांडं रिकामं करायची. सगळं पाहण्यासारखं होतं, पण माझं मन एका जागी नव्हतं. म्हैसूरला आणल्यापासून काकूला इतके दिवस एकटं कधीच सोडलं नव्हतं, आणि गिनीच्या डोंगरात शिरल्यावर फोनची रेंजच गेली. ट्रक थांबला की मी फोन डोक्यावर धरून फिरायचो. माझा तंबूतला सोबती योहान, हॉलंडमधला केमिस्ट्रीचा निवृत्त मास्तर, म्हणायचा, "तू काकूला शोधतोयस की उपग्रहाला?"

फुता जालोन नावाचं तिथे मोठं पठार आहे. त्या पठारावर आमच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि एका गावाजवळ मुक्काम पडला. मंगळवार होता. आमचा गिनीचा वाटाड्या मामादू म्हणाला, "बसून काय करता? चला, रंगकाम दाखवतो."

गावामागे एका अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले मातीचे सात-आठ रांजण होते. निळीचे. सगळं बायकांचं राज्य, आणि त्यांची मुख्य एक म्हातारी. तिला सगळे 'नेने' म्हणत. तिकडे आईला तसं म्हणतात. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. मला एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण आम्ही मूळचे रंगारी. कारखान्यातले रंग आले आणि आजोबांच्या वेळी आमचा धंदा बसला. निळीचा रांजण मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिला.

नेने मात्र रडकुंडीला आली होती. तिच्या नातीचं लग्न चार दिवसांवर, आणि लग्नाचं कापड ज्या मोठ्या रांजणात रंगवायचं तोच बिघडलेला. पाणी मेल्यासारखं, वर फेस नाही, कापड बुडवलं तर मळकं निघत होतं. राख घालून झाली, ढवळून झालं.

आमच्या घरात एक बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. रांजण रुसला, नीळ चढेना, तर रंगाऱ्याने रांजणाच्या काठाशी उभं राहून एक मोठी थाप मारायची. अशी, की कुणालाच खरी वाटू नये. थाप जितकी अशक्य तितकी नीळ चांगली. मी हे मामादूला हसत हसत सांगितलं, त्याने बायकांना सांगितलं, आणि नेनेने माझं मनगट धरून मला काठावर नेऊनच उभं केलं!

"बोल," मामादू म्हणाला. "तुझ्या भाषेत बोल. रांजणाला सगळ्या भाषा कळतात म्हणते ती."

मी गंमत म्हणून अशक्यातली अशक्य गोष्ट शोधायला गेलो, आणि जिभेवर तीच आली.

"ऐका हो," मी मोठ्याने म्हणालो, "आज आमचे दत्तूकाका घरी आले. तेवीस वर्षांनी. जयलक्ष्मीपुरमच्या घरी. खांद्यावर पिकलेला फणस. चप्पलसुद्धा न काढता म्हणाले, 'सरोजा, कॉफी टाक!'"

जानेवारीत पिकलेला फणस — थाप मोठी व्हावी म्हणून मुद्दाम घातला होता.

मामादूने भाषांतर केलं, बायका खो खो हसल्या. मी घड्याळ पाहिलं होतं, कारण जेवणाची पाळी माझी होती: साडेअकरा. पंधरा-वीस मिनिटांत रांजणावर तांब्याच्या रंगाची साय धरली, कडेने बुडबुडे आले. नेनेने चिंधी बुडवून काढली — हिरवी. हवेत धरली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती निळी होत गेली. नेनेने माझ्या दोन्ही गालांना हात लावले. ते डाग तीन दिवस गेले नाहीत. योहान म्हणाला, ऊन चढलं, पाणी तापलं, राखेने काम केलं, बाकी काही नाही. मलाही ते पटलं.

चार दिवसांनी आयव्हरी कोस्टच्या पहिल्या गावात रेंज आली. काकूचे सव्वीस मिस्ड कॉल! फोन लावला.

"मंजू, बसलायस का? बस आधी. तुझे काका आले रे."

"कुठले काका?"

"कुठले म्हणजे? किती काका आहेत तुला?" ती हसत होती की रडत होती, कळेना. "मंगळवारी. पाच वाजले होते, मी तांदूळ निवडत होते. बघते तर दारात उभे. खांद्यावर फणस! या दिवसांत फणस कुठला विचारलं, तर म्हणतात गोत्तिल्ला, ठाऊक नाही. चप्पल पायातच, आणि म्हणतात सरोजा, कॉफी टाक. अय्यो, माझ्या हातातलं सूपच पडलं बघ."

तिकडचे पाच म्हणजे गिनीतले साडेअकरा.

"काकू... त्यांना घर कसं सापडलं? त्यांनी हे घर पाहिलेलंच नाही."

"तेच विचारलं मी. म्हणतात, इथंच तर आहे आपलं घर. ते जाऊ दे. तू कुठे होतास इतके दिवस? फोन नाही, काही नाही."

मी डोंगराचं सांगितलं. निळीच्या रांजणांचंही निघून गेलं तोंडातून.

"खरी नीळ? तुझ्या आजोबांना सांगायला हवं होतं. थापबिप मारली नाहीस ना तिथे? मारायची तर दुसऱ्याच्या घरची मारायची, नोडु, बघ, आपल्या घरची कधी नाही. आणि चुकून मारलीच, तर तो रांजण जिवंत आहे तोवर त्याच्यापाशी जाऊन खरं सांगून टाकायचं. मामंजी तसं सांगायचे."

निम्मी रीत मला ठाऊक होती. उरलेली निम्मी तेव्हा कळली.

"नाही, काकू," मी म्हणालो. तिच्याशी मी आजवर खोटं बोललो नव्हतो.

घानापर्यंतचा प्रवास मी केला, पण काय पाहिलं ते विचारू नका. घरी आलो तर दारात खरोखरच काका. मला मिठी मारली. तोच तेलाचा आणि रबराचा वास, डाव्या कानाचा फाटलेला तोच तुकडा. काकू आता चोपन्नची आहे. तिच्या शेजारी ते तिच्या धाकट्या भावासारखे दिसत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय तब्येत राखलीय!"

काका भले आहेत. हे आधी सांगायला हवं. आवाज चढवत नाहीत, काकूने वाढलेलं निमूट जेवतात, भाजी निवडून देतात. तेवीस वर्षं कुठे होता विचारलं की डोळे मिटून विचार करतात आणि ओशाळून हसतात. डॉक्टर म्हणाले, स्मृती गेली असेल. पण सगळी कुठे गेली होती? मला सायकलच्या दांडीवर बसवून कबिनीचं धरण दाखवलेलं त्यांना आठवत होतं. मला गोवर आला तेव्हा शिट्टी वाजवून झोपवलेलं आठवत होतं. मला बरं वाटायचं. मग एकदा दुपारी जेवताना मी सहज विचारलं, "काका, कान कसा फाटला होता हो?"

"वाघानं," ते म्हणाले. "काकनकोटेच्या जंगलात."

"अय्यो, सुम्ने, उगाच काहीतरी!" काकू हसली. "कुत्र्यानं चावलेलं, तुमची आईच सांगायची. वाघाचं तुम्ही मंजूला सांगायचात, भात खावा म्हणून. तेवढं एक बरं लक्षात राहिलं!"

काका हसले नाहीत. घास हातात धरून बसले. त्यांना खरंच वाघ आठवत होता.

मी सात वर्षांचा असताना वाघ खरा मानत होतो. मग मी रोज एकेक गोष्ट काढून पाहायला लागलो. मला ठाऊक असलेलं त्यांना सगळं आठवायचं. मी जन्मायच्या आधीचं काहीच नाही. ना लग्न, ना काकूचं माहेर.

काकूला हे वेगळ्याच बाजूने कळत होतं. एका सकाळी कपडे वाळत घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "आम्ही दोघंच असलो की मला एका नावानं हाक मारायचे. ते नाव आठवत नाही म्हणतात. एवढं कसं विसरेल रे माणूस?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. पुढे काका म्हणाले, कोटेला जाऊ, सायकलचं दुकान घालू. आणि दोघं तिकडे राहायला गेले.

योहानला सगळं ईमेलने कळवलं. त्याने योगायोगावर लांबलचक उत्तर लिहिलं. रांजणाचं ऊन मला पटतं. पण फणस? चप्पल? वाघ? ज्याला स्पष्टीकरण म्हणता येईल असं माझ्याकडे आजही काही नाही. मामादूला मेसेज करून विचारलं, तो रांजण अजून आहे का? त्याने फोटो पाठवला. "गावातला सगळ्यात चांगला. नेने त्याला रोज राख-कोंडा खायला घालते."

त्याच दिवशी काकूला पत्र लिहिलं. फोनवर काका शेजारीच असतात, म्हणून पोस्टाने. तिला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत, तेव्हा मूळ पत्र कन्नडात आहे. मजकूर हा:

"काकूला नमस्कार.

मी तुझ्याशी खोटं बोललो. गिनीत मी रांजणापाशी थाप मारली होती, आणि ती आपल्याच घरची. काका आले, फणस आणला, चप्पल न काढता कॉफी मागितली, हे सगळं मी त्या मंगळवारी, तुझ्याकडे पाच वाजले होते तेव्हाच, तिथे बोललो होतो. रांजणाने नीळ धरली.

आपल्या घरी जे आहेत ते कोण, मला ठाऊक नाही. एवढंच दिसतं की जे मला ठाऊक आहे तेवढंच त्यांना ठाऊक आहे. म्हणून वाघ आठवतो आणि तुमचं लग्न आठवत नाही. त्यांचा यात दोष नाही. ते खोटं बोलत नाहीत, खोटं मी बोललो.

रांजण अजून जिवंत आहे. तू 'हो' म्हणालीस तर मी जाऊन खरं सांगून येईन. मग काय होईल ते मला माहीत नाही, पण मला वाटतं ते राहणार नाहीत. तू 'नको' म्हणालीस तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही आणि जन्मभर त्यांना काका म्हणेन. तुला न विचारता मी त्यांना आणलं. आता तुला न विचारता काही करणार नाही. माझ्यासाठी तू खूप ठरवलंस, हे मात्र तुझ्यासाठी तू ठरव. घाई करू नकोस.

आणि ठेवायचं ठरवलंस, तर ते हाक मारायचं नाव तूच त्यांना शिकव. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना देऊ शकलो नाही.

तुझा,
मंजू"