हनीफची चिठ्ठी

विमान मस्कतवर उतरायला आलं तेव्हा खिडकीतून आधी दिसले ते डोंगर. उघडे, तपकिरी, झाडाचं नाव नाही, आणि पायथ्याशी मीठ सांडावं तशी पांढरी घरं. अठरा वर्षांपूर्वी इथली नोकरी संपवून अमरावतीला परत निघालो, तेव्हाही मी खिडकीशीच बसलो होतो. त्या वेळी पडदा ओढून घेतला होता.

मुलगा मिलिंद माझ्यानंतर काही वर्षांनी ओमानमध्ये नोकरीला लागला. दर हिवाळ्यात तो बोलवायचा आणि मी गुडघ्यांचं कारण सांगायचो. या वर्षी आलो ते माझ्या नातीमुळे. मैत्री तेरा वर्षांची आहे, इथल्या भारतीय शाळेत जाते, आणि शुक्रवारी आयरिश लोकांच्या क्लबात गेलिक फुटबॉल खेळते. दिवाळीच्या सुमारास फोनवर ती हसत म्हणाली, "आजोबा, आज मी हनीफ केलं."

"म्हणजे काय केलंस?"

"स्कोअर राँग लिहिला. त्याला हनीफ म्हणतात ना. पूर्वी कोणी हनीफ अंकल होते, त्यांनी राँग लिहिला, म्हणून."

मी फोन तिच्या आजीकडे दिला. दुसऱ्या दिवशी मिलिंदला कळवलं की गुडघे बरे आहेत, तिकीट काढ.

अल हैल हा समुद्राकाठचा भाग. मिलिंदचं घर किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पहिल्या सकाळी फिरायला गेलो तर कोळी जाळी झटकत होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने ओळखदेख नसताना खजुराची डबी पुढे केली आणि लहानशा कपात कहवा (वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी) ओतला. पुरे झालं की कप हलवून दाखवायचा, ही इथली रीत मी विसरलो होतो. त्यामुळे चार कप प्यायलो. म्हातारा पोट धरून हसला. या देशाने मला कधी उपाशी ठेवलं नाही, परकंही मानलं नाही. त्याचं देणं मी कसं फेडलं, ते आता सांगायला हवं.

घरी फ्रिजवर क्लबच्या स्पर्धेचं वेळापत्रक लावलेलं होतं. मैत्रीने मला समजावून सांगायला घेतलं आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड केलं. खेळात चेंडू हाताने धरता येतो, पायाने मारता येतो. गोलाचे दोन्ही खांब वर आकाशात वाढवलेले असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. कागदावर बेरीज लिहीत नाहीत. एक-सहा लिहिलं की एक गोल आणि सहा गुण, म्हणजे एकूण नऊ.

आयर्लंडमध्ये ही स्पर्धा गावागावांची असते. माणूस ज्या गावचा, त्याच गावाकडून खेळणार. जिल्ह्यातले गावसंघ आपसांत खेळतात, तिथला विजेता प्रांतात जातो, प्रांताचा विजेता देशाच्या स्पर्धेत. इथे तशी गावं कुठून आणणार? म्हणून ज्याची जी राहण्याची जागा, तेच त्याचं गाव. अल हैल, माबेला, कुरम आणि दोन तासांवरचं सोहार, असे चार संघ. तीन शुक्रवारांत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, चौथ्या शुक्रवारी पहिल्या दोघांचा अंतिम सामना. सामने सकाळी लवकर, दुपारच्या नमाजाआधी मैदान रिकामं. उन्हाळा आणि रमजान आधी वगळायचे आणि उरलेल्या दिवसांत स्पर्धा बसवायची.

"आणि आजोबा, दोन टीमचे पॉइंट सेम झाले, तर त्यांची आपसातली मॅच कोण जिंकलं ते बघायचं. तीन टीम सेम झाल्या, तरच किती डिफरन्सने जिंकले ते."

"हो गं," मी म्हणालो. "माहीत आहे मला."

अठरा वर्षांपूर्वी मात्र माहीत नव्हतं. एका बांधकाम कंपनीच्या कार्यालयात मी कारकून होतो. आमचे आयरिश साहेब पॅट (आता ते हयात नाहीत) क्लबची स्पर्धा भरवायचे आणि आकडेमोडीचं टेबल माझ्याकडे असायचं. हनीफ हा रत्नागिरीकडचा, कंपनीची पिकअप चालवायचा. मैदानावर चुन्याच्या रेघा तो मारायचा. सामना संपला की पंचांना विचारून गुणफलकाचे आकडे चिठ्ठीवर लिहायचा आणि मला आणून द्यायचा.

माझ्या शेवटच्या वर्षी स्पर्धा मोठी होती. दोन गट, प्रत्येक गटातला पहिला संघ थेट अंतिम सामन्यात. जिंकल्याचे दोन गुण आणि बरोबरीचा एक असा हिशेब धरून एका गटात सोहार आणि कुरम दोघांचे चार-चार गुण झाले. सकाळी सोहारने कुरमला एका गुणाने हरवलं होतं, म्हणजे जायला हवं होतं सोहारने. पण मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. गुण सारखे झाले की मोठ्या फरकाने जिंकणारा पुढे, हे डोक्यात पक्कं. नियमाचा कागद समोर असून उघडला नाही. कुरमने बाकीचे सामने दणक्यात जिंकले होते, म्हणून कुरमचं नाव लिहून दिलं.

अंतिम सामना सुरू झाल्यावर सोहारचा कप्तान डेक्लन टेबलाशी आला. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वेल्डिंगचा मुकादम, लालबुंद चेहऱ्याचा. "सकाळी आम्ही जिंकलो. हे कसे खेळतायत?" पॅट साहेबांनी नियम काढला, वाचला, आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीवर बरोबरी होती, सर."

चिठ्ठी माझ्या खिशात होती. तिच्यावर हनीफच्या गोल अक्षरात आकडे अगदी बरोबर होते. तक्त्यावर त्या सामन्यापुढे सोहारच्या दोनाचा आणि कुरमच्या शून्याचा मी तिथल्या तिथे एक केला, म्हणजे कुरमच पुढे. अंतिम सामना तसाच चालू राहिला आणि चषक कुरमने नेला. चिठ्ठी घरी जाऊन फाडली. पुढे पंचांनी सांगितलं की सोहारच जिंकलं होतं, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की हनीफने चुकीचं लिहिलं. तो म्हणाला, मी बरोबर लिहिलं होतं. पिकअप चालवणाऱ्याचं कोण ऐकतो? त्याला मैदानावर येऊ नको म्हणून सांगितलं. मी तीन महिन्यांनी निवृत्त झालो, निरोपाला केक कापला.

हनीफ माबेल्यात आहे, त्याच्या मेव्हण्याच्या चहाच्या दुकानात बसतो, एवढं मिलिंदने शोधून दिलं होतं. मी टॅक्सीने एकटाच गेलो आणि फसलो. माबेला उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक. मला गॅरेजांच्या वस्तीत उतरवलं गेलं. तासभर टायरांच्या ढिगांमधून हिंडलो. शेवटी एका ओमानी तरुणाने गाडी थांबवली, "यल्ला, चला बाबा, बसा," म्हणाला आणि थेट दुकानाच्या दारात सोडलं. मी आभार मानेपर्यंत तो गेलासुद्धा.

दुकानात हनीफ गल्ल्यामागे होता. दाढी पांढरी, खांदे तेच.

"वानखडे?" तो उठला. "काय वो, एवढ्या वर्सांनी? जिवंत हाव?"

"आहे अजून."

"बसा. ए, दोन करक दे!" करक म्हणजे दूध आटवून केलेला दाट चहा. सोबत बटाट्याचे वेफर्स भरून गुंडाळलेला पराठा आला. इथे तो सगळेच खातात.

"हनीफ, त्या दिवशी तुझी चिठ्ठी बरोबर होती."

मी सगळं सांगितलं. नियम, खिसा, फाडलेला कागद. बोलताना मी पराठ्याकडे बघत होतो. गिऱ्हाईक येऊन परत गेलं तरी तो हलला नाही.

"सोहार एक-सहा," शेवटी तो म्हणाला. "कुरम दोन-दोन. असाच लिवलेला ना मी?"

"असंच."

"वानखडे, मला वाटायला लागलेलं की मीच चुकलो." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पयली दोन-तीन वर्सं भांडलो सगळ्यांशी. मग वाटलं, एवढी मानसं म्हनतात तर आसंल. तेवापासून साधी यादी लिवली तरी बायकोला वाचायला देतो. तिला म्हनतो, बघ गो, बरोबर हाय ना."

मी हात जोडले. त्याने ते खाली केले, जरा जोरातच.

"ता ऱ्हाऊ दे. तुमी चांगलं नाय केलंत. मी माफ केलं असं तोंडाने म्हनून काय होनार?" मग गिऱ्हाईकाला सुटे देऊन आल्यावर त्याने विचारलं, "त्या मैदानावर अजून खेळतात?"

"खेळतात. शुक्रवारी पहिले सामने आहेत. तिथे पोरं तुझं नाव घेतात, हनीफ. चुकीला हनीफ म्हणतात. ते मला सगळ्यांसमोर पुसायचंय. येशील?"

तो मोठ्याने हसला. मला ते अपेक्षित नव्हतं. "माझा नाव? गोऱ्यांची पोरं? किती वाजता?"

शुक्रवारी सकाळी मैदानावर दव होतं आणि मागे डोंगर नुकते उजळत होते. स्पर्धेचा पहिला चेंडू टाकण्याआधी चारही कप्तानांना वर्तुळात उभं करून नियम मोठ्याने वाचायची इथे पद्धत आहे. वाचणारा माणूस डेक्लन निघाला. केस पिकलेले, चेहरा तेवढाच लाल. स्पर्धा आता तोच भरवतो. नियमांत शेवटी त्याने वाचलं की चिठ्ठी आणणाऱ्याने आकडे मोठ्याने म्हणायचे आणि टेबलावरच्या माणसाने ते परत म्हणून दाखवायचे. पोरं हसली. कोणीतरी "हनीफ!" म्हणालं. माझ्या शेजारी खरा हनीफ इस्त्रीचा सदरा घालून उभा होता.

मी इंग्रजीत चार वाक्यं पाठ करून आलो होतो. तोंड उघडलं आणि एकही आठवेना. मराठीतच बोलायला लागलो. मैत्री अल हैलच्या कप्तानाजवळ उभी होती. ती पुढे आली आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागली. तिचं मराठी अडखळतं आहे, त्यामुळे मला हळू आणि सोपं बोलावं लागलं. लपायला जागा असलेले सगळे मोठे शब्द गेले.

"चूक माझी होती. नियम मी वाचला नाही."

तिने सांगितलं.

"विचारल्यावर मी खोटं बोललो."

ती थांबली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "खोटं म्हणजे लाय, ना आजोबा? तुम्ही?"

"हो बाळा. मीच. तसंच सांग."

तिने तसंच सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी म्हणालो, हनीफने बरोबर लिहिलं होतं, हा बघा हनीफ. हे तिने सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितलं.

डेक्लन बराच वेळ बूट गवतावर घासत राहिला. मग हनीफसमोर जाऊन मोडक्या हिंदीत म्हणाला, "अठारा साल मैं सोहार में तेरा गलत कहानी बोला. हर क्रिसमस. माफ करना, भाई." आणि माझ्याकडे बोट करून, "तुझ्यामुळे माझी सगळ्यात चांगली गोष्ट गेली." लोक हसले, पण तो हसत नव्हता. त्याने माझा हात हातात घेतला, ते मात्र खरं.

एक कप्तान म्हणाली, यापुढे हनीफचं नाव कोणी घ्यायचं नाही. त्यावर हनीफ उसळला. "नाव कशाला काढता? एवढी वर्सं माझा नाव मैदानावर हाय, ता ऱ्हाऊ दे. चिठ्ठी मोठ्यान वाचतात, त्याला हनीफ म्हना. चुकीला ह्यांचा नाव द्या!" मैत्रीने तेही सांगितलं आणि डेक्लनने नियमाच्या कागदावर पेनाने लिहून घेतलं. कुरमचं नाव चषकावर तसंच राहणार, पण खाली खरं काय घडलं ते सांगणारी एक ओळ वाढणार, असंही ठरलं.

पहिल्या सामन्याला मला टेबलावर बसवलं आणि चिठ्ठी आणायला हनीफ स्वतःहून गेला. अल हैल विरुद्ध सोहार. संपल्यावर तो मैदान ओलांडून सावकाश आला, माझ्यासमोर ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "अल हैल एक-चार! सोहार शून्य-सात!"

मी परत म्हणून दाखवलं. सात आणि सात.

"या टायमाला खरोखरची बरोबरी हाय, वानखडे," तो म्हणाला. "नीट लिवा."

मी दोघांपुढे एकेक लिहिला. मग कागद त्याच्याकडे फिरवला. त्याने चष्मा लावून तपासला आणि मान हलवली.

दुपारी मिलिंदने मिश्काक (सळईवर भाजलेलं मांस) आणलं. आम्ही ते गाडीच्या टपावर कागद पसरून खाल्लं. मैत्री दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. "आजोबा, तुम्ही जे बोलला, ते मराठीत लिहून द्या. मला वाचायला यायला पाहिजे." हे लिखाण तिथून सुरू झालं. विमानतळावर निरोप द्यायला हनीफही आला होता, हातात हलव्याचा डबा. "घरी जाऊन उघडा," म्हणाला. डब्यात वर एक चिठ्ठी होती, गोल अक्षरात: पोचल्यावर फोन करा.

परतीच्या विमानात पडदा ओढला नाही. डोंगर दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो. ज्या देशात मी एवढं वाईट वागलो, त्याने मला चार कप कहवा पाजला, रस्ता चुकल्यावर दारात सोडलं आणि मी बोललो तेव्हा ऐकून घेतलं.

अमरावतीला येऊन महिना झाला. काल फोनवर मैत्री वैतागलेली होती. गणिताच्या परीक्षेत प्रश्न नीट न वाचताच उत्तर लिहिलं म्हणे.

"आजोबा, मी वानखडे केलं."

"मग बाईंना सांगितलंस?"

"हो. लगेच."