सहादूच्या भोंग्याचा ब्रेक

नाशिकरोडला सहादूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नसराईत तो मल्हारी मास्तरांच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवी. ट्यूबा हे नाव फक्त मास्तरांच्या तोंडी, बाकी सगळे त्याला भोंगाच म्हणत. फुंकून वाजवायचं पितळेचं ते जुनं धूड मास्तरांनी देवळालीच्या भंगारबाजारातून उचललं होतं. सहादू ठेंगणा. भोंगा गळ्यात अडकवून तो चालू लागला की वरात बघायला जमलेलं कुणीतरी हमखास विचारी, "माणसानं भोंगा उचललाय, का भोंग्यानं माणूस?" सहादू हसून सोडून देई. सहा वर्षं झांज वाजवल्यावर हे वाद्य त्याच्या वाट्याला आलं होतं. त्यातला खालचा सूर लागला की पोटात काहीतरी हलायचं. त्यापायी तो काहीही ऐकून घ्यायला तयार होता.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात लासलगावला कांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. नवरदेव मांडवाच्या दारात आला, बँडनं शेवटचा लांब सूर धरला आणि भोंगा आपल्याच वाटेनं निघाला.

"मास्तर, तुमची म्हैस अडलीय का काय?" व्यापारी म्हणाला. सगळा मांडव हसला.

परतीच्या ट्रकमध्ये सायखेड्याशी मास्तर सहादूशेजारी सरकले. मग म्हणाले, "सहादू, भीमजयंतीच्या मिरवणुकीपर्यंत हे सुरात आलं तर ठीक. नाही तर हे भंगारात, अन् तू परत झांजेवर."

"दोष वाद्याचा हाय मास्तर, का माझा?"

"ते तू शोध."

सहादूनं खरंच शोधायला घेतलं. विहारातली पेटी मागून आणली आणि एकेक सूर तिच्याशी ताडून पाहिला. बरेचसे जुळत, काही ओठ आवळून किंवा सैल सोडून जुळवता येत. पण पहिली आणि तिसरी कळ एकदम दाबली की निघणारा, लासलगावात फसलेला तो खालचा सूर दर वेळी चढाच लागे. कळ दाबली की वारा एका जादा नळीतून फिरून येतो, वाट लांबते आणि सूर उतरतो, एवढं त्याला ठाऊक होतं. एकेकटी दाबली तर प्रत्येक कळ आपलं काम नीट करी. मग दोघी मिळून कमी का पडाव्यात? त्यानं सुतळीनं नळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

त्याची बायको विमलाबाई मशीनवर परकर शिवत होती. "अहो, तीन दिवस झाले, सुतळी घेऊन काय बसलाय?"

त्यानं सगळं सांगितलं. तिनं पाय न थांबवता ऐकलं.

"लहान परकराची झालर मोठ्या परकराला पुरंल का?" ती म्हणाली. "घेर वाढला की झालर वाढवावीच लागती."

सहादूनं सुतळी खाली टाकली. तिसरी कळ दाबली की भोंगा आधीच लांब झालेला असतो, त्याला पहिलीची नळी तोकडी पडणारच! तिसरी कळ एकटी क्वचितच लागे, म्हणून त्यानं तिचीच नळी वाढवायची ठरवली. तिथली आत-बाहेर सरकणारी नळी त्यानं चार बोटं बाहेर ओढली, मध्ये पितळेचा तुकडा बसवला आणि सगळीकडून कथलाचा डाख लावून टाकला. सायकलवाल्याचा हात तो. जे सैल दिसेल ते घट्ट केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जाता जाता तोंडाकडची नळी वाकवून ओठांच्या उंचीला आणली आणि पट्ट्याखाली जुन्या सीटचा स्पंज शिवला. खालचा सूर पेटीशी असा मिळाला, की विमलाबाईनं मशीन थांबवलं.

मार्चअखेरीला मास्तरांनी भर दुपारी उघड्या मैदानात तालीम ठेवली. सूर परत चढा!

"तुझी म्हैस अजून अडलेलीच हाय रे," क्लॅरिनेटवाला पुंजा म्हणाला.

सहादूनं भोंगा घरी आणला. संध्याकाळी ओट्यावर वाजवला तर सूर ठीक. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात वाजवला तर चढा. मग त्यानं गोणपाट भिजवून भोंग्याला गुंडाळलं आणि तासाभरानं त्याच उन्हात फुंकलं. सूर उतरला होता.

"ताप आलाय का त्याला?" विमलाबाईनं दारातून विचारलं.

"खरंच ताप येतो गं," सहादू म्हणाला. त्याला हसू आवरेना. "थंडीत मापं घेतली मी, अन् डाख लावून बसलो."

थंडीतला सूर वेगळा, उन्हातला वेगळा, आणि वरात तर उन्हातून सावलीत अन् सावलीतून उन्हात जाणार. तिथं घट्ट केलेली नळी काय कामाची? हाताच्या सवयीच्या अगदी उलट करायचं होतं. त्यानं डाख वितळवून काढला. नळी घासून, तेल लावून सहज सरकेल अशी केली. स्पोर्ट सायकलचा ब्रेक डाव्या हाताशी बसवला. तो दाबला की वायर नळीला बाहेर ओढी, सोडला की स्प्रिंग आत घेई.

जयंतीच्या दिवशी मास्तर आले ते खांद्याला पिशवी लावून. पिशवीत झांज होती. सहादूनं ती पाहिली आणि नजर वळवली.

"भोंग्याला ब्रेक?" पुंजा म्हणाला. "मग घंटी पण लाव की."

मिरवणूक निघाली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चौकात शेवटचा लांब सूर आला. मास्तरांनी हात वर धरला आणि खाली आणलाच नाही. सूर लांबत गेला. सहादूला तो चढताना कळला. त्यानं ब्रेक हळूच दाबला, थोडा आणखी, मग किंचित सोडला. पुंजाचा सूर आणि त्याचा सूर मिळाले, आणि पोटात ते नेहमीचं हललं.

मास्तरांनी हात खाली आणला. मागं वळून पाहिलं नाही. फक्त खांद्यावरची पिशवी काढून पुंजाकडे दिली.

"हिचं काय करू?"

"घरी पोहोचव," मास्तर म्हणाले. "उगाच वजन."