विहिरीत ताणलेलं रबर

माझा धाकटा भाऊ कोकणात एका बंदरावर नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी पाण्याखाली जाऊन मासे मारतो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या माळकरी, त्यामुळे ही बातमी बरीच वर्षं 'तो पोहायला जातो' एवढ्यावरच थांबवलेली होती. या उन्हाळ्यात मात्र तो लांबट पिशवीतून भाल्याची बंदूकच घेऊन आला.

मी त्याची थोरली बहीण. पन्नाशी ओलांडलेली, अमळनेरला कॉलेजात शिकवणारी. समुद्र मी पाहिलाय तो काठावरून, साडी सावरत. मला तो आतून पाहायचा होता. मारायचं काहीच नव्हतं.

"अक्का, माझ्याबरोबर खाली यायचं तर सोबती म्हणून यायचं, पाहुणी म्हणून नाही," भाऊ म्हणाला. "बंदूक स्वतः भरायची, स्वतः उतरवायची. मी जायच्या आत जमलं तर नेईन."

सराव ठरला काकांच्या मळ्यातल्या विहिरीत. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्याच विहिरीत केळीच्या खांबाला धरून मी लहानपणी पोहायला शिकले होते. पण आमच्याकडे कोणतंही अवजार हळदकुंकवाशिवाय कामाला लागत नाही. नांगर झाला, ट्रॅक्टर झाला, आता ही बंदूक. नारळ फुटला. माजी सरपंच सहज आले होते, ते सहज दोन शब्द बोलले. त्यात शेतकरी, युवाशक्ती आणि नीलक्रांती आली, बंदूक आली नाही. नानांनी शेवटी मुद्द्याचं विचारलं.

"हाई काय शे, पोरी? मासा आनशी ते भांडं येगळं ठेवजो."

भरण्याची रीत ऐकायला सोपी. भाला पुढून आत सरकवायचा, खट्‌ असा आवाज येईपर्यंत. मग दस्ता छातीच्या हाडावर टेकवायचा, बंदुकीच्या तोंडाशी बांधलेलं रबर दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढायचं आणि त्याची तार भाल्यावरच्या खाचेत बसवायची. भरायची ती पाण्यातच, टोक माणसाकडे कधीच नाही. मी बुडालेल्या पायरीवर छातीभर पाण्यात उभी राहिले, ब्लाउजच्या आत गोधडीचा तुकडा घालून. रबर निम्म्यावर यायचं आणि तिथेच माझ्याकडे बघत राहायचं.

"हातांनी ओढू नकोस. पाठीनं ओढ."

"पाठीला बोटं नाहीत."

"म्हणून तर ती थकत नाही."

दुपारी नानांनी आपला उपाय काढला. दाराची कडी, रहाटाची चाकं, स्वतःचे गुडघे, जे जे अडेल त्याला ते शेंगदाण्याचं तेल लावतात. "बठ्ठास्ले तेल लागस," ते म्हणाले, म्हणजे सगळ्यांनाच तेल लागतं. भाऊ झोपला होता. मला ते पटलं. तेलाच्या गिरण्यांच्या गावात राहून न पटून कसं चालेल? आम्ही दोघांनी मिळून ते रबर मायेनं चोळलं आणि उन्हात ठेवलं.

संध्याकाळपर्यंत ते फुगलं, चिकट झालं, गुळाच्या काकवीत पडल्यासारखं. भावानं ते बोटांत फिरवलं.

"नाना, रबराला तेल म्हणजे विष."

"मंग माले काय ठाऊक? गाडाले ते चालस."

पिशवीत जादा रबर एकच होतं, आणि सकाळी भावाला चाळीसगावहून गाडी होती.

सकाळी पंप बंद होता. विहीर एवढी गप्प की कडेच्या पिंपळाचं पान पाण्यावर टेकलेलं कळावं. ऊन तिरकं खाली उतरत होतं आणि वाटेत हिरवं होत होतं. माझे पाय मलाच परक्या कुणाचे दिसत होते, लांब, फिके, सावकाश. आमच्या या कोरड्या मुलखात जमिनीच्या पोटात असं पाणी स्वस्थ उभं असतं आणि आपण वरून बस पकडायला धावत असतो, असं काहीतरी मनात आलं. मी दस्ता छातीला लावला, टोक समोरच्या काळ्या दगडाकडे. श्वास सोडला. ओढायला म्हणून नाही, आळस द्यावा तशी मागे रेलले. खांदे आपोआप मागे गेले. हातांत काही जड आहे हे मी विसरले असेन, कारण तार खाचेत बसली तो आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला.

भाऊ मागच्या पायरीवर होता. काठावर नानांनी पुन्हा नारळाची तयारी केली होती, त्यांना त्यानं हातानं थांबवलं.

"आता उतरव."

हे अधिक कठीण. ताणलेलं तसंच धरून, खाचेतून सोडवून, न सुटू देता परत न्यायचं. मी घाई केली नाही. रबर सावकाश, पाळीव जनावरासारखं जागेवर गेलं.

"दिवाळीनंतर ये," भाऊ म्हणाला. "तेव्हा पाणी निवळलेलं असतं."

तो पिशवी भरायला वर गेला. मी मात्र पाण्यातच थांबले, डोळे पाण्याच्या रेषेखाली ठेवून, थोडा आगाऊ सराव म्हणून.